गुडमारचा काढा आणि बंद केलेली गोळी

प्रश्न : वय ५८, केळीची शेती, तालुका यावल. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. साडूंनी गुडमार-कारल्याचा काढा दिला. गोळ्या बंद करू का?

उत्तर : भाऊ, गोळ्या बंद करू नका. गुडमारच्या वेलीचं पान चावून साखर तोंडात टाका, रेतीसारखी लागेल. त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेची गोडाची जाणीव तेवढा वेळ दाबतात. पण जीभ फसली म्हणजे रक्तातली साखर उतरली असं नाही. थोडा उतार पडतोही, पण गोळीची जागा घेण्याइतका भरवशाचा नाही.

खरी भीती वेगळीच आहे. ग्लिमेपिराइडवर असा काढा घेतला तर साखर एकदम खाली येऊ शकते. एक आप्पा असाच काढा पिऊन उपाशीपोटी बागेत पाणी धरायला गेले. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार! खिशातल्या गुळाच्या खड्यानं वाचले.

मेथीदाणा खुशाल खा. त्यातल्या चिकट तंतूंमुळे साखर सावकाश शोषली जाते. माझी आई रात्री चमचाभर भिजवते, तोंड वाकडं करून खाते.

आणि झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. तुमची मेटफॉर्मिनसुद्धा गॅलेगा नावाच्या युरोपातल्या रोपट्यातल्या द्रव्याच्या अभ्यासातून आली. १९५७पासून माणसांवर वापरात आहे. फरक एवढाच, की तिची मात्रा मोजलेली असते. साडूंच्या बाटलीवर साधी चिठ्ठीही नसेल.

एचबीए१सी ही रक्ततपासणी करून घ्या, साखरेचा गेल्या तीन महिन्यांचा हिशेब कळेल. डॉक्टरांकडे जाताना बाटलीही न्या, लपवू नका.