एमएम ५४० ला ३१ इंची टायर टाकलेत, अ‍ॅक्सलचा रेशो ४.८८ ठेवू की ५.३८ करू?

तुमची गाडी नव्वदच्या दशकातली महिंद्राची एमएम ५४० जीप, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, चार गिअरचा बॉक्स. मूळचे ६.००-१६ टायर काढून ३१x१०.५ आर१५ टाकले आणि तेव्हापासून घाटात गाडी ओढत नाही. अ‍ॅक्सलचा रेशो म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा, आणि तो ठरतो अ‍ॅक्सलमधल्या क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीवर. मेकॅनिक म्हणतोय ५.३८ चं क्राउन-पिनियन टाका, सगळं ठीक होईल. टाकावं का, एवढंच तुम्हाला विचारायचंय.

मी वाईचा. माझ्याकडेही हीच गाडी आहे, हेच टायर आहेत आणि हे काम मी दोनदा केलंय, कारण पहिल्यांदा फसलो होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, टायरवर छापलेल्या आकड्यावर हिशोब करू नका. ६.००-१६ चा व्यास कुणी २८ इंच सांगतं, कुणी २९. २८ धरला तर ३१ भागिले २८ गुणिले ४.८८ म्हणजे ५.४० येतात आणि मेकॅनिकचं म्हणणं तंतोतंत पटतं. पण गाडी काही छापील व्यासावर चालत नाही. टायर वजनाखाली दबतो, आणि बरेचसे ३१ चे टायर मोजले तर साडेतीसच भरतात. सपाट जागा बघा, हवा नेहमीची ठेवा, गाडीत नेहमीएवढी माणसं बसवा. टायरवर आणि त्याच्या बरोब्बर खाली जमिनीवर खडूची खूण करा, गाडी हळू ढकलून चाकाची एक फेरी पूर्ण करा आणि टेपने अंतर मोजा. माझ्या जुन्या टायरची फेरी २.२५ मीटर भरली, नव्याची २.३९. म्हणजे फरक सव्वासहा टक्क्यांच्या आसपास. ४.८८ ला त्याने गुणलं की ५.१८ येतात. मूळ गाडीसारखी चाल हवी असेल तर खरा आकडा हा. पण ५.१८ चा सेट आपल्याला मिळत नाही. तो ४.८८ आणि ५.३८ च्या जवळजवळ मधोमध पडतो, त्यामुळे कुठल्या बाजूला झुकायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

चौथा गिअर डायरेक्ट आहे, म्हणजे त्यात इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, तेव्हा आरपीएम काढणं सोपं आहे. ताशी ६० ला जुन्या टायरवर इंजिन साधारण २१७० वर फिरायचं. आता नवे टायर आणि ४.८८ वर ते २०४० वर आलंय. ५.३८ टाकलंत तर २२५० होईल. ताशी ८० ला हेच आकडे २८९०, २७२० आणि ३००० असे येतात. या इंजिनाचा जोर २००० च्या आसपास सगळ्यात जास्त असतो. म्हणजे सपाटीवर ६० ने जाताना तुमचं आज काहीच बिघडलेलं नाही, उलट इंजिन थोडं निवांत आहे. दुखणं घाटातलं आहे. पसरणीच्या घाटात पूर्वी जी वळणं मी तिसऱ्यात काढायचो, तिथे मोठ्या टायरवर तिसरा जेमतेम अपुरा पडायला लागला. दुसऱ्यात टाकावं तर इंजिन ओरडतं, तिसऱ्यात ठेवावं तर काळा धूर सोडत दम टाकतं. सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण दोन गिअरमधल्या नेमक्या त्या फटीत पडले की ड्रायव्हर दिवसभर लिव्हर हलवत बसतो.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिनेच माझा निर्णय झाला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी जीपचा अ‍ॅक्सल रेशो ४.८८ होता. १९४५ मध्ये विलिसने सीजे-२ए ही नागरी जीप शेतकऱ्यांसाठी काढली. इंजिन त्याच घराण्यातलं, टायरही ६.००-१६ च, पण अ‍ॅक्सलमध्ये ५.३८ घातले, कारण या जीपला नांगर ओढायचा होता. आपल्याकडची महिंद्राची सीजे-३बी जीपसुद्धा ५.३८ वरच चालायची. टायर तेच असताना रेशो बदलला, तो कामामुळे. म्हणून मी तुम्हाला उलट विचारतो, तुमची गाडी महिन्यातले किती दिवस हायवेवर असते?

पुणे-कोल्हापूर असा प्रवास जास्त असेल तर ४.८८ ला हात लावू नका. चार गिअरच्या बॉक्सवर ५.३८ घालून ताशी ८० ने तीन-चार तास ३००० आरपीएमचा आवाज ऐकणं हा त्रास आहे, डिझेलही जास्त जातं. घाट, शेतातला चिखल, मागे ट्रॉली, डोंगरातल्या कच्च्या वाटा असं काम असेल तर ५.३८ डोळे झाकून घाला. मी घातलंय आणि मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. लो गिअरमध्ये दगडांवरून उतरताना गाडी आता पूर्वीपेक्षा धीमी, हुकमात उतरते, क्लचवर पाय ठेवावा लागत नाही. पुढेमागे पाच गिअरचा बॉक्स बसवायचा विचार असेल तर प्रश्नच मिटला, पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनापेक्षा शाफ्ट जोरात फिरवणारा गिअर, हायवे सांभाळून घेतो. आणि उद्या ३३ चे टायर घालणार असाल तर ५.३८ ला पर्याय नाही, तिथे हिशोब साडेपाचच्या पुढे जातो.

आता माझी फसगत. एका भंगारवाल्याकडून मी पुढचा-मागचा असे दोन्ही अ‍ॅक्सल जोडीने घेतले. दोन्ही ५.३८ आहेत असं तो छातीठोकपणे म्हणाला आणि मी न मोजता बसवले. टू-व्हीलमध्ये महिनाभर काही कळलं नाही. पावसाळ्यात चिखलात फोर-व्हील टाकली, गाडी निघाली, डांबरावर आली आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. टायर कुंईकुंई करायला लागले, लिव्हर काही केल्या सुटेना. रिव्हर्समध्ये थोडी मागे घेतली तेव्हा धाडकन आवाज होऊन ती सुटली. पुढचा अ‍ॅक्सल ४.८८ निघाला. चाकाच्या एका फेरीला मागचा शाफ्ट ५.३८ फेरे मागतो, पुढचा ४.८८, आणि ट्रान्स्फर केस, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी गिअरची पेटी, दोघांना एकत्र बांधून ठेवते. दहा टक्क्यांचा तो ताण जातो कुठे? चिखलात टायर घसरून सुटतो, डांबरावर तो दात तोडतो. माझ्या ट्रान्स्फर केसचे दोन गिअर गेले.

तेव्हा रेशो बदलायचा तर दोन्हीकडचा बदला, आणि बसवण्याआधी स्वतः मोजा. एक मागचं चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, गिअर न्यूट्रल. अ‍ॅक्सलकडे येणाऱ्या लांब प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा, उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाचाला थोडे कमी पडले तर ४.८८, पाच होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त गेले तर ५.३८. मग पुढच्या अ‍ॅक्सललाही हेच करा, फक्त तिथे फ्री-व्हील हब (पुढची चाकं अ‍ॅक्सलपासून सोडवणारे हब) असतील तर ते आधी लॉक करा. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय मात्र खाली शिरू नका. या जीपपैकी काहींचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर असतो. मोजताना तो सोडावाच लागतो, आणि तसाही एक चाक हवेत असताना तो गाडी धरत नाही.

४.८८ वरून ५.३८ ला जाताना डिफरेन्शियलची आतली केस तीच चालते. क्राउन-पिनियन, बेअरिंग, सील आणि शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) एवढंच लागतं. क्राउन एकाचं आणि पिनियन दुसऱ्याचं असा मेळ कधीही घालू देऊ नका, ती जोडी एकत्र घासून बनवलेली असते. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली ढिलाई, डायल गेजने पाच ते आठ थाउमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात) बसवून घ्या आणि दातांना रंग लावून खूण कुठे उमटते ते स्वतः बघा. नुसतं हाताने हलवून "बसलं" म्हणणाऱ्या माणसाकडे हे काम देऊ नका. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवून हाउसिंग थंड होऊ द्या, पाचशे किलोमीटरला तेल बदला.

स्पीडोमीटरची केबल ट्रान्स्फर केसवरून येते. म्हणून ५.३८ नंतर काटा खऱ्यापेक्षा तीन-चार टक्के जास्त दाखवेल. आज तो सहा टक्के कमी दाखवतोय, हे लक्षात असू द्या.

ब्रेकचं मात्र रेशो बदलून काहीही सुधारत नाही. मोठं आणि जड चाक थांबवायला त्याच ड्रमला जास्त जोर लावावा लागतो. पसरणी उतरताना ते मला पहिल्याच दिवशी कळलं. क्राउन-पिनियनवर पैसे घालायच्या आधी लायनर, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नीट करून घ्या.

आणि मेकॅनिक जो सेट देतोय त्याच्या क्राउनची कड कापडाने पुसून बघा. ४३ आणि ८ असे आकडे कोरलेले दिसले तर तो ५.३८, ३९ आणि ८ दिसले तर तो तुमच्याकडे आत्ता आहे तोच ४.८८. आकडे झिजले असतील तर दात मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.