पोर मास्क ठेवू देत नाही तेव्हा

बाळा,

तू काल विचारलंस ना, दीड वर्षाचं पोर ऑक्सिजनचा मास्क ओढून फेकतंय, मग ऑक्सिजनची नळी तोंडापुढे धरली तर चालेल का. चालेल, पण तेवढ्यापुरतंच. आधी ते पोर टेबलावरून उचल आणि आईच्या मांडीवर दे, कारण रडून रडून त्याचा दम अजून वाढतो, आणि क्रुप (स्वरयंत्राला सूज येऊन श्वास अडणं) असेल तर मुद्दाम रडवायचंच नाही. मास्क आईच्याच हातात दे, फ्लो मिनिटाला १० लिटर ठेव, नाकातोंडाच्या अगदी जवळ धरायला सांग. हात चार बोटं जरी मागे सरकला तरी ऑक्सिजन वॉर्डात जातो, पोराला जवळपास साधी हवाच मिळते. आणि यासाठी अँबू बॅगचा (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीचा) मास्क नको हं, बॅग दाबल्याशिवाय त्यातून ऑक्सिजन नीट बाहेरच येत नाही.

तोवर सिस्टरला नेझल प्रॉन्ग्ज, म्हणजे नाकपुड्यांत बसवायच्या ऑक्सिजनच्या छोट्या नळ्या, आणायला सांग. ५ वर्षांखालच्या पोरांसाठी डब्ल्यूएचओ पण प्रॉन्ग्जच आधी सांगते. नाक सलाइनच्या थेंबांनी मोकळं कर, प्रॉन्ग्ज पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघ, मग नाकात बसवून आधी दोन्ही गालांवर टेप लाव आणि नंतरच नळी कानामागून घे, नाहीतर एका झटक्यात ओढून काढतात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ०.५ ते १ लिटर, त्याहून मोठ्याला १ ते २. एवढ्यावर आई अंगावर पाजूही शकते, फक्त धाप फार असेल तर पाजायचं नाही.

आणि प्लीज, सिलेंडर पुरवायचा म्हणून मास्कला २ लिटर लावू नकोस, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आतच साठतो, ५ च्या खाली यायचंच नाही. हे मी बऱ्याच ठिकाणी बघते आणि दर वेळी जीव खालीवर होतो.

रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा प्रोब पायाच्या अंगठ्याला लाव, पाय गार असेल तर चोळून गरम कर, नाहीतर आकडा भलताच येतो. ९० टक्क्यांच्या वर राहायला हवं, शॉक (रक्ताभिसरण कोसळलेलं) किंवा बेशुद्ध असेल तर ९४ च्या वर. पण नुसत्या आकड्याकडे बघत बसू नकोस, अंगावरचं झबलं वर करून बघ, पोट उडतंय का, छाती आत ओढली जातेय का.

मघापासून झगडणारं पोर एकदम गप्प पडलं, हाक मारली तरी बघत नाही, तर ते शांत झालेलं नाही, थकलंय. लगेच सीनियरला हाक मार आणि बॅग-मास्क घे, आणि तिथे मात्र मास्क चेहऱ्यावर घट्टच बसला पाहिजे.