उभी ट्रॉली स्थिर असते, मग पलटी कशी होते?

प्रश्न : सर नमस्कार. माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिला संतुलनाचे तीन प्रकार शिकवलेत, स्थिर, अस्थिर आणि उदासीन, आणि गुरुत्वमध्य सगळ्यात खाली असला की स्थिर असं वहीत लिहिलंय. परवा आमच्या गावाजवळ उसानं भरलेली ट्रॉली साईडपट्टीवरनं घसरली आणि पलटी झाली, नशिबानं कुणाला लागलं नाही. ती म्हणाली, पप्पा, मघाशी चौकात उभी होती तेव्हा ट्रॉली स्थिरच होती की, आणि एवढं वजन असताना पडली कशी? मला काय सांगता आलं नाही.
– एक शेतकरी, तासगाव तालुका

उत्तर : मुलीला शाबासकी द्या आधी, कारण तिनं नेमकी तीच जागा पकडली आहे जी पाठ करणाऱ्या पोरांच्या हातातनं निसटते. संतुलनाचा प्रकार हा वस्तूचा गुण नाही, वस्तू ज्या स्थितीत आहे त्या स्थितीचा गुण आहे. घरात रिकामा 200 लिटरचा ड्रम असेल तर तिला तोच दाखवा. उभा ठेवला आणि जरा कलवून सोडला तर परत जागेवर येतो, हे स्थिर. आडवा करून ढकलला तर जिथं जाईल तिथं थांबतो, ना परत येतो ना कुठं पडतो, कारण त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरतो तो बिंदू, तेवढ्याच उंचीवर राहतो, हे उदासीन. आणि आपण ड्रम कडेवर तोलून फिरवत नेतो तेव्हा एक क्षण असा येतो की हाताला वजनच लागत नाही, ते अस्थिर संतुलन, केसाएवढा इकडं तिकडं झाला की गेलाच. ड्रम एकच, प्रकार तिन्ही.

आता "सगळ्यात खाली" या शब्दांनी घोळ होतो. त्याचा अर्थ एवढाच की वस्तू थोडी कलवली तर गुरुत्वमध्य वर उचलावा लागतो, म्हणून ती परत येते. चौकातली ट्रॉली स्थिरच होती, मुलीचं बरोबर आहे. पण स्थिर असण्याला मर्यादा असते. गुरुत्वमध्यातनं ओळंबा सोडला असं समजा, तो दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मध्ये पडतोय तोवर वजन ट्रॉलीला सरळ करायला बघतं, तो बरोबर बाहेरच्या चाकावर आला की ती अस्थिर संतुलनात, आणि चाकाच्या बाहेर गेला की तेच वजन तिला पाडायला लागतं.

आकडे घालून बघू, हिशोबापुरते धरलेले आहेत. दोन बाजूंच्या चाकांत अंतर 6 फूट, म्हणजे मधोमध पासून चाक 3 फुटांवर. रिकाम्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य रस्त्यापासून 3 फूट उंच धरला तर ती 45 अंशापर्यंत कलली तरी परत येईल. मोळ्या उंच रचल्या आणि गुरुत्वमध्य 6 फुटांवर गेला तर ही मर्यादा साधारण 26 अंशांवर येते, म्हणजे एका बाजूची चाकं जेमतेम पावणेतीन फूट खाली गेली की संपलं, रिकामीला तेच सव्वाचार फूट लागले असते. आणि हे सुद्धा कागदावर, प्रत्यक्षात खालच्या बाजूचे टायर दबतात, मोळ्या त्याच बाजूला सरकतात, म्हणून ती त्याच्या आधीच जाते.

आणि वजनाचं म्हणाल तर इथं बहुतेक लोक चुकतात, जड गाडी घट्ट बसते असं आपल्याला वाटतं. जड ट्रॉली हातानं ढकलून पाडणं अवघड हे खरं, पण उतारावर तिला हात कुठं पाडतोय, तिचं स्वतःचं वजनच पाडतंय! वजन दुप्पट केलं तर सावरणारा जोर दुप्पट होतो आणि पाडणारा पण दुप्पट, हिशोबात वजन कटून जातं. उरतं फक्त चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. म्हणून सीझनमध्ये तेवढाच ऊस रुंद आणि बुटका भरला तर ट्रॉली टिकते, अरुंद आणि उंच रचला तर नाही, आणि मागं मोटरसायकलवर माणूस असतो हो, मला दरवर्षी ते बघून पोटात गोळा येतो.

एक छोटं राहिलं, संतुलनात म्हणजे थांबलेलंच असं नाही. सांगली-मिरज रस्त्यावर सरळ आणि एकाच वेगानं चाललेली एसटी पण संतुलनातच असते, कारण तिच्यावरच्या सगळ्या जोरांची बेरीज शून्य असते. वळण घेतलं, ब्रेक मारला की नाही.

मुलीला घरी एक करायला सांगा. बुटाचं रिकामं खोकं उभं धरायचं, समोरच्या बाजूच्या बरोबर मध्यावर टाचणी लावून दोऱ्याला छोटा नट बांधून सोडायचा, आणि खोकं हळूहळू एका बाजूला कलवत न्यायचं. दोरा खालच्या कोपऱ्यावर आला की थांबायचं, तिथं हात सोडून बघायचा. मग तेच खोकं आडवं ठेवून परत कलवायचं आणि दोन्ही वेळचे कोन कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजून वहीत लिहायचे.