एएफडी वाढतोय, मग जर्मनीला यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: श्टुटगार्टजवळ नोकरीची ऑफर हातात आहे, बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत येणार आहेत, आणि एएफडी या स्थलांतरविरोधी, कट्टर उजव्या जर्मन पक्षाच्या बातम्या वाचून घरचे घाबरलेत. मित्र मात्र सांगतो, ‘त्यांचा राग निर्वासितांवर आहे, टॅक्स भरणाऱ्या इंजिनियरला कोण हात लावतंय?’

या. पण मित्राचं वाक्य विमानतळावरच सोडून या, कारण त्या भरवशावर राहिलेले लोक कागदपत्रांत ढिले पडतात आणि फटका तिथेच बसतो.

आधी आकडे. एएफडी 2013 मध्ये युरो चलनाला विरोध करणाऱ्या प्राध्यापकांचा पक्ष म्हणून निघाला. 2015 नंतर तो निर्वासितांच्या मुद्द्यावर स्वार झाला. संसदेच्या निवडणुकीत 2017 ला 12.6 टक्के, 2021 ला 10.3 आणि 23 फेब्रुवारी 2025 ला 20.8 टक्के मतं. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष. सप्टेंबर 2024 मध्ये थ्युरिंगेन राज्यात तो 32.8 टक्के घेऊन पहिला आला. तिथला त्याचा नेता ब्यॉर्न ह्योके याला त्याच वर्षी हिटलरच्या एसए या निमलष्करी दलाची बंदी असलेली घोषणा भाषणात वापरल्याबद्दल न्यायालयाने दंड ठोठावला होता.

हा पक्ष आपल्याविरुद्ध नाही, असं म्हणणाऱ्यांनी भाषणं ऐकत बसण्यापेक्षा संसदेतलं मतदान पाहावं. जून 2023 मध्ये कुशल कामगारांना येणं सोपं करणारा कायदा आला. तो निर्वासितांसाठी नव्हता, तुमच्यासाठीच होता. एएफडीने विरोधात मत दिलं. जानेवारी 2024 मध्ये नागरिकत्वाची अट 8 वर्षांवरून 5 वर्षांवर आणणारा कायदा आला, तिथेही विरोध. दोन्ही वेळा सीडीयू-सीएसयू हा प्रतिष्ठित उजवा गटसुद्धा विरोधातच होता, आणि आज चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, त्यांचा आहे.

ही सवय नवीन नाही. 2000 साली चान्सलर श्र्योडर यांच्या सरकारने संगणक तज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड काढलं, तेव्हा नॉर्डराइन-वेस्टफालेनमध्ये सीडीयूचे युर्गेन र्‍युटगर्स ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे भारतीय नकोत, आपली मुलं संगणकावर बसवा, अशा प्रचारामुळे गाजले. इथे ‘इंडर’ म्हणजे तुम्ही-आम्हीच. त्या निवडणुकीत ते हरले, पण 2005 मध्ये त्याच राज्याचे मुख्यमंत्री झाले. मुंबईत 1960 च्या दशकात ‘हटाव लुंगी’ची आरोळी उठली, तेव्हा निशाण्यावर कोण होतं? शिकलेले, टंकलेखन येणारे, नियमाने कर भरणारे दाक्षिणात्य कारकून. तुमची पदवी आणि पगार ही या राजकारणापासूनची ढाल नाही. कित्येकदा त्या पगारावरच त्याचं बोट असतं. तेव्हा त्या घोषणेवर टाळ्या वाजवणारी घरं आज पोराच्या ब्लू कार्डच्या, म्हणजे उच्चशिक्षितांच्या युरोपीय कामाच्या परवान्याच्या, काळजीत असतात, हे जाता जाता.

जानेवारी 2025 मध्ये कार्ल्सरूह शहरात एएफडीच्या स्थानिक शाखेने लोकांच्या टपालपेट्यांत विमानाच्या तिकिटासारखी पत्रकं टाकली: प्रवासी ‘बेकायदा स्थलांतरित’, तारीख मतदानाची, परतीचं तिकीट नाही. कार्ल्सरूह तुमच्याच राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आहे. पेटीवरचं आडनाव परकं दिसलं तर आतल्या माणसाकडे ब्लू कार्ड आहे की आश्रयाचा अर्ज, हे पेटीला कसं कळणार? त्याच महिन्यात रीझा इथल्या अधिवेशनात पक्षाच्या चान्सलरपदाच्या उमेदवार आलिस वायडेल यांनी ‘रेमिग्रात्सिओन’ हा हद्दपारीचा शब्द व्यासपीठावरून उघडपणे स्वीकारला. वर्षभर आधी, 10 जानेवारी 2024 रोजी, करेक्टिव या शोधपत्रकारांच्या संस्थेने पोट्सडाममधली एएफडीचे लोक आणि इतर अतिउजव्यांची गुप्त बैठक उघडकीस आणली होती. तिथल्या चर्चेचा विषय हाच होता, आणि त्यानंतर लाखो जर्मन रस्त्यावर उतरले होते. तेही लक्षात ठेवा. 20.8 टक्क्यांच्या पलीकडे उरलेला देशही आहे.

आता खरी अडचण. एएफडी केंद्रात सत्तेत नाही, तरी नियम त्याच्या दिशेने सरकतात, कारण बाकीच्यांना त्याचे मतदार परत हवे असतात. 29 जानेवारी 2025 ला सीडीयूचे नेते मेर्त्स (पुढे तेच चान्सलर झाले) यांनी सीमा बंद करण्याचा ठराव एएफडीच्या मतांवर संसदेत मंजूर करून घेतला. माजी चान्सलर अंगेला मेर्केल यांनी स्वतःच्याच पक्षाला त्याबद्दल जाहीर फटकारलं. मग ऑक्टोबर 2025 मध्ये 3 वर्षांत नागरिकत्वाची वाट रद्द झाली. ही वाट होती कोणासाठी? सी1, म्हणजे प्रगत पातळीची जर्मन येणाऱ्या, कामात किंवा समाजकार्यात विशेष चमकलेल्या लोकांसाठी. म्हणजे ज्यांना ‘चांगले स्थलांतरित’ म्हणून मिरवलं जातं, त्यांचीच. तिचा लाभ घेणारे मोजके होते, त्यामुळे रद्द करून कोणाचाही प्रश्न सुटला नाही, फक्त मथळा मिळाला. मित्राला हे उदाहरण सांगा.

आणि हे सगळं चाललंय ते सामान्य जर्मन माणसाच्या भल्यासाठी, हाही समज नको. घरांचा प्रश्न घ्या, तो तुम्हाला पहिल्या महिन्यात भेटेलच. 1980 च्या दशकाच्या अखेरीस एकट्या पश्चिम जर्मनीत नियंत्रित भाड्याची सुमारे 40 लाख सरकारी अनुदानित घरं होती, आता अख्ख्या देशात ती 11 लाखांच्या आसपास उरली आहेत. ड्रेस्डेन शहराने 2006 मध्ये आपली जवळपास 48,000 घरं एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीला विकून टाकली. ती घरं सीरियातून आलेल्या कोणी खाल्ली नाहीत. मग एएफडीचा उपाय काय? भाड्यावरच्या मर्यादेला विरोध, संपत्ती कराला विरोध, वारसा कर रद्द, आणि 2021 पासून बहुतांशी वरच्या उत्पन्न गटालाच लागू असलेला आयकरावरचा सॉलिडॅरिटी अधिभारही रद्द. किमान वेतन ताशी 12 युरो करताना 2022 मध्ये हा पक्ष तटस्थ बसला. बर्लिनच्या डीआयडब्ल्यू या अर्थसंस्थेने 2023 मध्ये हेच मांडलं: या पक्षाच्या धोरणांचा सर्वांत मोठा तोटा त्याच्याच मतदारांना होईल. वायडेल स्वतः गोल्डमन साक्समध्ये काम केलेल्या अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांना हे गणित समजत नसेल असं मानण्याचं कारण नाही.

राहायचं कुठे, हे राज्याच्या नावावरून ठरवू नका. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदारसंघानुसार निकाल मिळतात, ते पाहा. पूर्वेत जवळजवळ सगळीकडे एएफडी पुढे असताना लाइपझिगच्या दक्षिण भागात आणि एर्फुर्टमध्ये 2025 ला डाव्या पक्षाचे उमेदवार जिंकले. उलट पश्चिमेतल्या गेल्सनकिर्शनमध्ये, कोळसा आणि पोलाद गेलेल्या शहरात, पक्षाला दिल्या जाणाऱ्या मतांत (उमेदवाराचं मत वेगळं असतं) एएफडी पहिला आला. आणखी एक गोष्ट भारतीयांना सहसा ठाऊक नसते. परदेशी नागरिकांचं कार्यालय, म्हणजे आउसलेंडरबेहर्डे, मोठ्या शहरात महापालिकेकडे आणि ग्रामीण जिल्ह्यात निवडून आलेल्या लांडराटच्या, म्हणजे जिल्हाप्रमुखाच्या, हाताखाली असतं. जून 2023 पासून थ्युरिंगेनमधल्या झोनेबर्गचा लांडराट एएफडीचा आहे. कायदा संघराज्याचा असल्यामुळे तो तुमचं कार्ड मनात आलं म्हणून रद्द करू शकत नाही. पण खिडकीवर किती माणसं बसवायची, भेटीची वेळ किती लवकर द्यायची, इंग्रजीत बोलायचं की नाही, हे स्थानिक हातात राहतं.

आता कागद. ब्लू कार्डसाठी वार्षिक पगाराची अट 2025 मध्ये 48,300 युरो होती, 2026 साठी 50,700. टंचाईचे व्यवसाय आणि नुकते पदवीधर झालेल्यांसाठी 2026 ची अट 45,934.20. ही रक्कम दर जानेवारीला बदलते, म्हणून काठावरची ऑफर घेऊ नका. करारात आणखी दोन-तीन हजार वाढवून मागा. बोनस पक्का नसेल तर तो मोजला जात नाही, आणि बऱ्याच अर्जांची गाडी तिथेच अडते. पत्नीला आधी जर्मन परीक्षा देण्याची गरज नाही आणि आल्यापासून ती नोकरी करू शकते.

पहिल्या 12 महिन्यांत नोकरी बदलली तर कार्यालयाला कळवावं लागतं. नोकरी मुदतीआधी सुटली तर 2 आठवड्यांत कळवायचं, कंपनी कळवेल म्हणून गप्प बसायचं नाही. कार्डाची मुदत संपण्याच्या किमान 3 महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज लेखी पाठवा आणि पोच जपून ठेवा. मुदतीच्या आत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना हक्क चालू राहतो आणि त्याचं फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचं प्रमाणपत्र मागता येतं. मुदत उलटल्यावर केलेल्या अर्जाला ते संरक्षण आपोआप मिळत नाही. कार्यालय सबळ कारणाविना 3 महिने उत्तर देत नसेल, तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईचा दावा लावता येतो. नुसत्या वकिलाच्या पत्रानेही फाइल हलते.

खरं लक्ष्य कायम वास्तव्याचा परवाना, निडरलासुंग्सएरलाउब्निस. ब्लू कार्डवर बी1 (मध्यम पातळीची) जर्मन असेल तर 21 महिन्यांत, ए1 (अगदी प्राथमिक) वर 27 महिन्यांत. इंजिनियर मंडळी ऑफिसात इंग्रजी चालतं म्हणून भाषा टाळतात आणि 6 महिने उगाच गमावतात. आल्या आठवड्यातच फोल्क्सहोखशूले या प्रौढ शिक्षण संस्थेचा संध्याकाळचा वर्ग धरा. पेन्शनचे हप्ते त्या सगळ्या महिन्यांचे भरलेले दिसले पाहिजेत, म्हणून पेन्शन विभागाकडून फरझिशरुंग्सफरलाउफ हा उतारा वर्षातून एकदा मागवून तपासा. पगाराच्या पावत्या, भाडेकरार आणि पत्त्याच्या नोंदणीचे कागद पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवा.

परवाना मिळाल्यावर होणारी चूक म्हणजे आईवडिलांच्या आजारपणात भारतात लांबलेला मुक्काम. 6 महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परवाना संपू शकतो, त्याआधी लेखी परवानगी घ्यावी लागते. युरोपियन युनियनचा दीर्घकालीन परवाना वेगळा मागता येतो, त्यात युनियनबाहेर सलग 12 महिने, आणि आधी ब्लू कार्ड असलेल्यांना 24 महिन्यांपर्यंत सवलत आहे. 1 मार्च 2024 नंतर पहिला कुशल कामगार परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना इथे आणण्याचीही सोय आहे. त्यासाठी उत्पन्न, घर आणि त्यांचा आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि बहुतेकांचं अडतं ते विम्यावर. अशी सवलत मथळ्यासाठी कापायला सोपी असते. आणायचं ठरलं असेल तर टाळाटाळ करू नका.

नागरिकत्व 5 वर्षांनी: बी1, स्वतःच्या उत्पन्नावर घर चालणं, आणि 33 प्रश्नांच्या चाचणीत 17 बरोबर. प्रौढाची फी 255 युरो. जर्मनीला 2024 पासून दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला नाही. पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट आणि मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड. इथे बरेच जण भावनेपोटी थांबतात, तो ज्याचा त्याचा निर्णय. पण तोवर संसदेच्या किंवा राज्याच्या निवडणुकीत मत नाही. तुमच्यावर बोलणाऱ्यांना मत आहे आणि तुम्हाला नाही, हा हिशेब मांडूनच ठरवा.

मत मिळेपर्यंत एक जागा मात्र लगेच उघडी असते, ती म्हणजे कारखान्यातली कामगार परिषद, बेट्रिब्सराट. तिथे राष्ट्रीयत्व विचारत नाहीत. 16 वर्षं पूर्ण असलेला प्रत्येक कर्मचारी मत देतो, आणि 18 वर्षं पूर्ण असतील तर 6 महिने झाले की उभाही राहू शकतो. दर 4 वर्षांनी मार्च ते मे या काळात मतदान असतं. श्टुटगार्टमध्ये हे मत हलकं समजू नका. उंटरट्युर्कहाइमच्या मर्सिडीज-बेंझ (पूर्वी डाइमलर) कारखान्यात 2009 पासून ‘झेंट्रुम’ नावाची उजवी यादी इगे मेटाल या युनियनविरुद्ध लढते आहे. कारखान्याच्या आत हे राजकारण कसं शिरतं, ते तिथे दिसतं. इगे मेटालची वर्गणी ढोबळ पगाराच्या 1 टक्का. त्यात कामाच्या वादासाठी वकील येतो, आणि नोकरीवर परवाना अवलंबून असलेल्या माणसाला तो इतर कोणाहून जास्त लागतो. नोकरीतून काढल्याचं पत्र हातात पडल्यापासून न्यायालयात जायला फक्त 3 आठवडे मिळतात.

घर किंवा नोकरी आडनावामुळे नाकारली असं वाटलं, तर समान वागणुकीच्या कायद्याखाली दावा लेखी कळवायची मुदत साधारण 2 महिने. संभाषणं ईमेलवर ठेवा, फोनवर झालं तर लगेच तारीख-वेळ लिहून ठेवा. शक्य असेल तिथे तोच अर्ज जर्मन आडनावाच्या सहकाऱ्याकडून पाठवून पाहा. अशी तुलना न्यायालयात पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते, आणि केंद्रीय भेदभावविरोधी कार्यालयाचा सल्ला फुकट मिळतो.