ताको-पद्धतीचे टॉपिंग घातलेल्या लोडेड फ्राइज दहा-बारा जणांसाठी करताना मऊ पडू नयेत म्हणून काय करावे?

आपण विचारले आहे की, मे महिन्याच्या सुटीत मुंबईहून येणाऱ्या भावंडांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी एकाच मोठ्या ताटात ताको-पद्धतीच्या (ताको म्हणजे मक्याच्या पोळीत सारण घालून खायचा मेक्सिकन पदार्थ) लोडेड फ्राइज करायच्या आहेत, घर समुद्राला लागून आहे, आणि टॉपिंग घातल्यावर पाच मिनिटांत खालच्या थराचा लगदा होतो. तर कॉर्नफ्लोअर वाढवावे की तळण्याचा वेळ? मी मालवणात राहते आणि सुटीत आमच्याही घरी अशीच माणसे जमतात, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा वाटला. माझ्या मते या दोन्हींच्या आधी पाण्याकडे पाहावे लागते: बटाट्यातले पाणी, टॉपिंगमधले पाणी आणि आपल्या किनाऱ्यावरच्या हवेतले पाणी.

नाचोवर रसरशीत साल्सा (टोमॅटो-कांद्याची मेक्सिकन चटणी) घातला तरी नाचो काही वेळ तग धरतो, कारण मक्याची ती चकती पातळ असते आणि तळून आतपर्यंत कोरडी झालेली असते. फ्राइजचे तसे नाही. कच्च्या बटाट्यात सुमारे ७५ ते ८० टक्के पाणी असते आणि तळल्यावरही आतला गर ओलसरच राहतो, किंबहुना तो तसा राहावा म्हणूनच आपण फ्राइज खातो. तळणीतून काढल्याबरोबर आतली वाफ बाहेरच्या कवचाकडे सरकू लागते. वर जाड टॉपिंग असेल तर ती कोंडते आणि कवच आतून भिजते, तर वरून टोमॅटोचा रस आणि दही झिरपत असते. मे महिन्यातली आपली दमट हवा ते कवच सुकूही देत नाही. म्हणजे घाला दोन्ही बाजूंनी असतो, आणि केवळ जास्त वेळ तळल्याने त्यातली एकच बाजू सांभाळली जाते.

बटाट्यापासून सुरुवात करावी. ज्यात पाणी कमी आणि पिष्ट जास्त, असा जुना, घट्ट सालीचा बटाटा हवा. बोटाने साल निघते असा नवा बटाटा भाजीला उत्तम, फ्राइजला नाही. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ‘कुफ्री चिपसोना’ आणि ‘कुफ्री फ्रायसोना’ हे वाण अशा तळणीच्या कामासाठीच काढले आहेत, परंतु आपल्या बाजारात वाणाचे नाव सांगणारा दुकानदार क्वचितच भेटतो, म्हणून हाताला जड लागणारा मोठा, लांबट बटाटा निवडावा. शीतगृहातून नुकताच आलेला बटाटा थंडीमुळे गोडसर झालेला असतो, कारण त्यातल्या पिष्टाची साखर होते, आणि तो आतून शिजण्याआधीच बाहेरून काळपट होतो. शक्य असल्यास बटाटे आठ-दहा दिवस आधी आणून हवेशीर, अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत ठेवावेत. फ्रिजमध्ये मात्र मुळीच ठेवू नयेत.

दहा जणांना वाटून खायला, सोबत दुसरे काही असेल तर, दीड ते दोन किलो बटाटे पुरतात. साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या फोडी कापाव्यात, कारण बारीक फ्राइज टॉपिंगच्या भाराने मोडतात आणि उचलताना हातात काही येत नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन त्या उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटे शिजवाव्यात. या पाण्यात दर लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर आणि तितकेच मीठ घालावे. आम्लामुळे बटाट्यातले पेक्टिन, म्हणजे फोडीला बांधून ठेवणारा घटक, लवकर विरघळत नाही, म्हणून फोड आतून शिजते पण कडा शाबूत राहतात, शिवाय वरची जास्तीची साखरही पाण्यात निघून जाते. त्यानंतर फोडी निथळून पंचावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरड्या होऊ द्याव्यात. या टप्प्यावर घाई केली तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात, असे मी आग्रहाने सांगेन. कोरड्या झाल्या की किलोला दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ त्यांवर भुरभुरून हलक्या हाताने चोळावे. आपण विचारलेल्या कॉर्नफ्लोअरपेक्षा मला तांदळाचे पीठ पसंत आहे. मासे तळताना आपण ते रव्यात मिसळतोच, आणि त्याचा कुरकुरीतपणा ओलाव्यापुढे जास्त टिकतो असा माझा अनुभव आहे.

तळणे दोनदा. पहिल्यांदा सुमारे १६० अंश सेल्सिअसच्या तेलात तीन-चार मिनिटे, रंग येऊ न देता. मग जाळीवर काढून पूर्ण गार करावे. इथपर्यंतचे काम सकाळी उरकून ठेवता येते. दुसऱ्यांदा १८५ ते १९० अंशांवर, माणसे ताटाभोवती बसण्याच्या बेतात असताना, सोनेरी रंग येईपर्यंत. तापमापी असेल तर फारच चांगले. नसेल तर एक फोड टाकून पाहावी, ती लगेच वर येऊन भोवती जोरात बुडबुडे उठले म्हणजे तेल दुसऱ्या तळणीला तयार आहे. एका वेळी कढईत थोड्याच फोडी घालाव्यात, कारण गर्दी झाली की तेल थंड पडते आणि फ्राइज तेल पितात. काढल्यावर वर्तमानपत्रावर ढीग न करता तारेच्या जाळीवर पसराव्यात आणि वर झाकण कधीही ठेवू नये. बाजारातल्या गोठवलेल्या फ्राइज वापरायच्या असतील तर त्या एकदा तळलेल्याच असतात, म्हणून फ्रीजरमधून काढून न वितळवता थेट गरम तेलात सोडाव्यात. मात्र वीज गेल्यामुळे वितळून पुन्हा गोठलेले पाकीट या कामी घेऊ नये.

आता टॉपिंग, ज्यात खरी गंमत आहे. तळलेल्या बटाट्यावर मेक्सिकन पद्धतीचे मांस, चीज आणि साल्सा घालण्याची चाल अमेरिकेच्या सॅन डिएगो भागातील उपाहारगृहांमुळे प्रसिद्ध झाली, आणि ताकोची म्हणून जी चव आपण ओळखतो ती मुख्यतः जिरे, मिरची, लसूण, ओरेगॅनो आणि लिंबू यांवर उभी आहे. अर्धा किलो खिम्याला दोन चहाचे चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक चमचा धनेपूड, दोन चमचे ब्याडगी मिरचीची पूड, चमचाभर लसूण पावडर आणि अर्धा चमचा चुरडलेले ओरेगॅनो पुरेसे होते. ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा चालतो, कारण दोघांच्या वासाचे मूळ बरेचसे एक आहे. पण चिमटीच्या वर गेला तर ओवा सगळ्यांवर मात करतो. घरचा मालवणी मसाला इथे वापरू नये, असे मी मालवणात राहूनही म्हणते. त्यातले दगडफूल, बडीशेप, लवंग आणि दालचिनी जिऱ्याला मागे सारतात आणि पदार्थ चांगला झाला तरी ताकोच्या वाटेचा राहत नाही.

कोंबडीचा खिमा मोठ्या आचेवर, त्याचे सगळे पाणी आटून कढईत तडतड ऐकू येईपर्यंत परतावा आणि मगच मसाला घालावा. रस्सा नको, ओलसरपणाही नको. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना कोळंबीचा पर्याय मी आवर्जून सुचवेन. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया किनाऱ्यावरील एन्सेनाडा शहर तळलेल्या माशाच्या ताकोसाठी प्रसिद्ध आहे. त्यावर बारीक चिरलेला कोबी, मलईदार सॉस आणि लिंबू असते, तेव्हा कोळंबी इथे उपरी ठरत नाही. सोललेली कोळंबी फडक्याने टिपून घ्यावी, कडकडीत तव्यावर दोन मिनिटे परतावी आणि नंतर बारीक चिरावी, म्हणजे प्रत्येकाच्या घासात ती येते. राज्यातील यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे पावसाळ्यात हा बेत करणाऱ्यांनी कोळंबीचा हट्ट धरू नये.

शाकाहारी ताटासाठी राजमा सगळेच सुचवतात, पण माझी निवड काळे वाटाणे. मेक्सिकन जेवणात काळ्या घेवड्याचे जे स्थान आहे, ते हे वाटाणे सहज घेतात, आणि आपल्या किनाऱ्यावर ते घरोघरी असतात. रात्रभर भिजवून मीठ घालून मऊ शिजवावेत, पाणी पूर्ण निथळावे (ते उसळीला किंवा आमटीला वापरावे), आणि तोच ताको मसाला घालून तव्यावर कोरडे परतावेत. त्यातले एक तृतीयांश ठेचले की बाकीचे फ्राइजला चिकटून राहतात, घरंगळत नाहीत.

ओल्या जिनसांचे नियम सोपे आहेत. टोमॅटोच्या बिया आणि पाणी काढून टाकावे, फोडींना मीठ लावून वीस मिनिटे चाळणीत ठेवावे. सध्या कैरी आहे, तर टोमॅटो निम्मा करून बारीक चिरलेली कैरी, कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांचा साल्सा करावा. कैरीला पाणी कमी सुटते आणि लिंबाचे अर्धे काम तीच करते. आंबट मलईऐवजी दह्याचा चक्का, किंचित मीठ घालून फेटलेला. लेट्युस आपल्या उष्म्यात लगेच मलूल होते, म्हणून कोबी घ्यावा.

मांडणीसाठी खोल भांडे नको. पसरट ट्रे किंवा, त्याहून चांगला, घावण्यांचा बिडाचा तवा घ्यावा आणि तो आधी चांगला तापवावा; बीड उष्णता धरून ठेवते, त्यामुळे खालून वाफेचे पाणी साचत नाही. फ्राइज फार तर दोन थरांत पसरून गरम असतानाच थोडा ताको मसाला भुरभुरावा, लगेच किसलेले चीज घालावे, त्यावर कोरडा खिमा किंवा वाटाणे, आणि चीज वितळेपर्यंत दोन-तीन मिनिटे तापलेल्या ओव्हनमध्ये किंवा तसेच उघडे मंद आचेवर ठेवावे. वितळलेले चीज फ्राइज आणि वरचा ओलावा यांच्यामध्ये पडदा धरते, म्हणून ते सर्वांत वर नव्हे, तर मांसाच्या खाली. गार जिनसा ताट पुढ्यात आल्यावर घालाव्यात: कोबी, कांदा, कोथिंबीर आणि चक्क्याचे ठिपके. साल्सा वाटीत वेगळा ठेवावा आणि प्रत्येकाने आपापल्या घासावर घ्यावा.

दहा जणांसाठी एकच डोंगर रचण्याचा मोह मात्र टाळावा. सामिष आणि शाकाहारी असे दोन तवे करावेत. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांनाही मग संकोच वाटत नाही. प्रत्येक ताट दोन खेपांत द्यावे: पहिली खेप संपत आली की दुसऱ्या खेपेच्या फ्राइज तेलात सोडाव्यात. उरलेली कोळंबी, खिमा आणि चक्का उन्हाळ्यात तासाभराच्या आत फ्रिजमध्ये जायला हवेत. टॉपिंग घातलेल्या फ्राइज पुन्हा गरम करून सुधारत नाहीत, म्हणून दुसरी खेप पहिलीपेक्षा लहान ठेवलेली बरी.