घरी मोठा टीव्ही आणि ओटीटी असताना थिएटरला जाण्यात अजून मजा आहे का?

तुमचा प्रश्न असा की घरी ५५ इंची टीव्ही घेतला, साउंडबार लावला, दोन-तीन ओटीटीचे पैसे भरलेत, मग आता थिएटरला जाऊन खर्च करण्यात काय अर्थ उरलाय. माझ्या मते उरलाय, पण वर्षातून तीन-चार वेळाच, आणि तो पण पडदा मोठा असतो म्हणून नाही.

आधी सांगतो मी कुठून बोलतोय, कारण मुंबई-पुण्यातल्या माणसाचं उत्तर वेगळं येईल. मी आचऱ्याच्या बाजूला राहतो, मालवण तालुका. आमच्यासाठी थिएटरला जाणं म्हणजे खाली उतरलो आणि मॉलमध्ये शिरलो असं नसतं, गाडी काढायची, पस्तीसेक किलोमीटर जायचं, आणि शेवटच्या शोला गेलात तर येताना काळोखात रस्त्याच्या मधोमध गुरं बसलेली असतात ती चुकवत यायचं. त्यामुळे आम्ही थिएटरला जातो ते ठरवून जातो, आणि पिक्चर टुकार निघाला तर महिनाभर ज्याने सुचवला त्याचा उद्धार चालतो.

मग घरी बघणं सोपं ना? आहे की. पण कोकणातलं घर म्हणजे काय ते पण ऐका. आमच्या पुढच्या पडवीवर पत्रे आहेत. जुलैत पाऊस धरला की तो पत्र्यावर असा वाजतो की साउंडबार काय, लग्नातला डीजे लावला तरी डायलॉग कळणार नाही, आम्ही सरळ सबटायटल लावून मराठी पिक्चर बघतो, आई म्हणते आवाज वाढव, बाबा म्हणतात कशाला, वाचता येतंय ना. डिश होती तेव्हा जोराचा पाऊस आला की सिग्नलच जायचा, कारण डिशचा सिग्नल ज्या फ्रिक्वेन्सीवर येतो तो पावसाच्या थेंबांत शोषला जातो, त्यात आपण अँटेना कितीही फिरवा काही फरक पडत नाही (बाबा तरी छत्री घेऊन फिरवायचेच). आता फायबर आहे, पण फणसाची एक फांदी पडली की तो पण गेला. लाईटचं तर बोलायलाच नको. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे आठवडाभर लाईट नव्हती, फोन चार्ज करायला लोक जनरेटरवाल्याकडे रांगा लावून होते, ओटीटी कुठलं घेऊन बसलात.

बरं हे पावसाळ्याचं झालं. लाईट आहे, नेट आहे, पाऊस नाही असं धरून चालू. तरी टीव्ही आणि थिएटरमध्ये काही फरक आहेत जे दुकानदार तुम्हाला सांगत नाही. ५५ इंच म्हणजे एका कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंत, रुंदी भरते साधारण चारच फूट. त्यात बरेच मोठे पिक्चर आता लांबट पडद्यासाठी शूट केलेले असतात, ते टीव्हीवर लावले की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि टीव्हीचा जवळजवळ पाव भाग फुकट जातो. म्हणजे पैसे ५५ इंचाचे आणि पिक्चर त्याच्या पाऊणात. दुसरं म्हणजे थिएटरमध्ये जी डिजिटल फाईल चालते तिच्यात सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत माहिती असू शकते (माहिती जास्त तितके चित्राचे बारकावे जास्त), आणि घरी चांगलं फोरके स्ट्रीमिंग साधारण १५ ते २५ वर भागवतं. भरदिवसाच्या सीनमध्ये ते कळत नाही, पण रात्रीचा सीन लागला, जंगल, समुद्र, धूर असलं काही, की घरी काळोखात चौकोनी ठिपके दिसायला लागतात. रात्री बंदरावर उभं राहून समुद्राकडे बघा, काळ्यात किती प्रकारचं काळं असतं, ते टीव्हीवर सगळं डांबरासारखं एकच होतं.

आवाजाचं पण तसंच. थिएटरच्या पडद्याला बारीक बारीक भोकं असतात आणि मधला स्पीकर त्या पडद्याच्या मागे असतो, म्हणून माणूस जिथे उभा दिसतो तिथूनच तो बोलतोय असं वाटतं. टीव्हीचे स्पीकर बहुतेक खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून असतात. साउंडबार लावलात ते चांगलं केलंत, मी नाही म्हणत नाही.

पण खरं सांगू का, एवढ्यासाठी मी पस्तीस किलोमीटर जाणार नाही. हे सगळं चार दिवसांत डोळ्यांना सवयीचं होतं.

मी जातो त्याचं कारण मला गेल्या वर्षी कळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये, गणपती जाऊन आठवडा पण झाला नव्हता, 'दशावतार' पिक्चर लागला, दिलीप प्रभावळकर म्हातारे दशावतारी कलाकार झालेत त्यात. आमच्याकडे दशावतार म्हणजे घरचं कार्य. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर रात्री उशिरा नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत, संवाद कोणी लिहून दिलेले नसतात, कलाकार तिथल्या तिथे बोलतात, बायकांची कामं पुरुषच करतात आणि लुगडं असं नेसतात की गावातल्या बायका बघत राहतात. आई लहानपणापासून हे बघत आलेली. ती म्हणाली माका पण येवचा हा. आईने थिएटरमध्ये शेवटचा पिक्चर कधी बघितला होता ते तिलाच आठवत नव्हतं.

आता घरी आई पिक्चर कशी बघते ते सांगतो, तुमच्या घरी वेगळं असेल असं मला वाटत नाही. सुरुवातीची नावं चालू असताना ती भात लावून येते. पंधरा मिनिटांनी शिटी होते, उठते. मग बाबांचा चहा. मग मांजर मासळीच्या टोपाकडे गेलं म्हणून उठते. मग शेजारची कोणी हाक मारते. परत येऊन बसते तेव्हा गोष्ट कुठच्या कुठे गेलेली असते आणि ती विचारते, "ह्यो मगाशी मरान गेल्लो ना रे?" आणि आम्ही सगळे वैतागतो, गप बस ना आई, बघू दे. पॉज करता येतं हो, पण आईसाठी पॉज कोण करतं? पॉज होतो तो माझा फोन आला की नाहीतर बाबांना बाथरूमला जायचं असलं की. असं वर्षानुवर्षं तिने सगळे पिक्चर तुकड्या-तुकड्यांत बघितलेत आणि आम्ही समजायचो तिला पिक्चरची आवडच नाही.

थिएटरला गेलो तर एसी लागला म्हणून शाल घेतली, चपला खाली काढल्या आणि पाय वर घेऊन मांडी घालून बसली, जत्रेत बसते तशी. मी म्हटलं आई पाय खाली, ती म्हणाली कोणाक दिसता काळोखात. पर्समध्ये खोबऱ्याच्या वड्या होत्या त्या दारावर काढून ठेवायला लागल्या, त्याचा राग इंटरवलपर्यंत होता. (बाहेरचं खाणं आणू न देण्याचा अधिकार थिएटरवाल्यांना आहे, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये तसं सांगितलंय, मात्र पिण्याचं पाणी त्यांनी फुकट द्यायला हवं हे पण सांगितलंय, ते मागून घ्या, बाटली विकत घेऊ नका.) इंटरवलमध्ये बाजूला बसलेल्या अनोळखी बाईंना तिने विचारलं तुम्ही खंयचे, आणि पाच मिनिटांत त्या आमच्या मामीच्या माहेरच्या निघाल्या. मग दुसऱ्या हाफमध्ये दोघी एकमेकींकडे बघून माना हलवत होत्या, मागे पोरं शिट्ट्या मारत होती, पुढे कोणीतरी म्हातारा पडद्याशी बोलल्यासारखा मोठ्याने बोलत होता आणि कोणी त्याला गप बस म्हणत नव्हतं. आई एकदा पण उठली नाही. एकदा पण विचारलं नाही हा कोण, तो कोण.

येताना गाडीत बराच वेळ गप्प होती. मला वाटलं पिक्चर लागला मनाला. तर म्हणते कशी, "अडीच तास माका कोणी चाय मागूक नाय."

तर हे कारण. घरी पिक्चर आपल्या तावडीत असतो, थांबवा, मागे न्या, उद्या बघा, आणि घरातलं जे माणूस सगळ्यांच्या हाकेला ओ देतं त्याच्या वाट्याला पिक्चर येतच नाही. थिएटरमध्ये कुकर नसतो.

आता तुम्ही म्हणाल घरी पण ठरवून बसता येईल. येईल ना. उलट मी तर म्हणतो घर की थिएटर हा भेदच तितका खरा नाही. आम्ही लहान असताना गणपतीत चाकरमानी आले की वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे, खळ्यात टेबलावर टीव्ही, वर ताडपत्री, आणि एका रात्रीत तीन पिक्चर, पहिला देवाचा म्हणजे म्हातारी माणसं खूष, दुसरा विनोदी, तिसरा मारामारीचा तोपर्यंत निम्मी पोरं चटईवर झोपलेली. वीस-एकवीस इंचाचा टीव्ही, कॅसेट इतकी घासलेली की पडद्यावर मुंग्या, हेड साफ करायला एक खास माणूस बसलेला, आणि समोर चाळीस-पन्नास माणसं. विनोदाला पहिली ओळ हसायची, मग मागच्यांना काय झालं ते सांगायचे, मग मागची ओळ हसायची. ते घर होतं का थिएटर? मला विचाराल तर आजपर्यंतचं सगळ्यात भारी थिएटर तेच.

आणि उलट पण झालंय. एका थिएटरला, नाव नको, दुपारच्या शोला गेलो तर आम्ही धरून सहाजण. आधी म्हणाले एवढ्यासाठी लावणार नाही, मग दया येऊन लावला, पण एसी बंद, पंखे चालू, पडद्यावर उजेड इतका कमी की नायिका गोरी का सावळी ते शेवटपर्यंत कळलं नाही. विनोदी पिक्चर होता, सहाजणांत कोण हसणार, हसलं की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो. असं थिएटर असेल तर तुमचा ५५ इंची शंभर पटीने बरा.

पैशाचं म्हणाल तर आम्ही चौघं जातो तेव्हा तिकिटं, पेट्रोल आणि येताना खाणं धरून दीड हजाराच्या आत येत नाही, मुंबईत भाऊ मल्टिप्लेक्सला जातो त्याचा पॉपकॉर्नचाच हिशोब मी ऐकायचा सोडून दिलाय. मध्ये २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, पण शंभराच्या वर १८ टक्केच राहिला, आणि शंभराच्या आतलं तिकीट शोधायला परत पेट्रोल घालवायला लागेल. वर हिंदी पिक्चर साधारण दोन महिन्यांत ओटीटीवर येतोच, त्यामुळे ज्याला थांबता येतं त्याने बिनधास्त थांबावं.

मी आता असं करतो. विनोदी, भुताचा, आणि ज्यात आपल्याकडचं काही आहे असा पिक्चर असेल तर थिएटर, आणि पहिल्या आठवड्यातच, शनिवार-रविवारच्या संध्याकाळच्या शोला, कारण तेव्हाच माणसं असतात. खूप बोलणारे, गुंतागुंतीचे, खुनी कोण ते शोधायचे असले घरी, तिथे मागे नेऊन बघता आलेलं बरं पडतं. आणि घरी बघताना तुमच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते मोशन स्मूदिंग का काय असतं, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं, ते आधी बंद करा. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने घालतो आणि मग करोडोंचा पिक्चर संध्याकाळच्या सिरियलसारखा दिसतो. आमच्याकडे दोन वर्षं ते चालूच होतं आणि मी कॅमेरामनला शिव्या घालत होतो.

दिवाळीपासून आई मधूनमधून विचारते, "परत कधी जावचा?" मी चांगलं काही लागतंय का ते बघून ठेवलंय, पण आता आंब्याच्या कलमांवर फवारणी चालू झालीय, मग काढणी, मग पेट्या भरा, मेअखेरपर्यंत आमच्याकडे कोणाला मान वर करायला फुरसत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की पहिला शनिवार धरलाय. वड्या यावेळी शालीत गुंडाळून नेणार म्हणते.