एवढं लांब नेलं, आणि हा एकाच टाकीपुढे उभा!

होमस्कूलिंगवाले, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे पालक हल्ली माझ्याकडे बऱ्यापैकी येतात आणि बहुतेकांचा घोर एकच, पोरगं शिकतंय हे दाखवायचं कसं. जुळे सोलापूरच्या एक ताई आल्या होत्या (ओळख लपवलीय), मुलगा नऊ वर्षांचा. मुंबईचं तारापोरवाला बंद म्हणून हे लोक रत्नागिरीचं मत्स्यालय बघायला गेले, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट, घाटात पोराला गाडी लागली, कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा तसाच परत आला. ताईंनी रात्री जागून वर्कशीट केलेलं, माशाचं नाव, रंग, खाणं, पाणी गोडं का खारं, सगळे रकाने आखून. पोराने एक अक्षर लिहिलं नाही. देवमाशाचा एवढा मोठा सांगाडा, तिथंही फोटोपुरता थांबला आणि परत वाम माशाच्या टाकीपुढे.

"मॅडम, शाळेत असता तर बाईंनी लिहून तरी घेतलं असतं. सासूबाई विचारतात काय शिकला, काय सांगू मी त्यांना?"

तर वर्कशीट खरं सासूबाईंसाठी होतं. हे मी बोलले नाही लगेच, आधी पोराला विचारलं की काय बघत होतास रे. तो म्हणाला, "ती वाम सारखी तोंड उघडते, मिटते. मला वाटलं चावायला येते. पण मी बाजूला झालो, लपून बघितलं, कोणी नसलं तरी करतेच की. दम घेते ती."

ताई बघतच राहिल्या. कारण त्याचं बरोबर होतं. या समुद्री वामेच्या कल्ल्यावर इतर माशांसारखं झाकण नसतं, बारीक भोक असतं, म्हणून तोंडाने सतत पाणी आत ओढून कल्ल्यांवरून ढकलावं लागतं. मोठी माणसंसुद्धा ती अंगावर येते म्हणून मागं सरकतात. याने अंदाज बांधला, लपून तपासला, चुकला तो सोडून दिला, आता याला कुठल्या रकान्यात बसवणार सांगा!

मी ताईंना एवढंच सांगितलं की सहलीत कागद नको, परत येताना गाडीत तो जे बोलेल ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि "काय शिकलास" न विचारता "कुठं थांबावंसं वाटलं" विचारा. लिखाण घरी, दोन दिवसांनी, तेही त्याला हवं असेल तर. सासूबाईंना तुम्ही उत्तर देऊ नका, नातवालाच सांगू दे. दहावीचं टेन्शन आत्तापासून नको, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यावर बसता येतं, वेळ आहे. मात्र लेखन-गणिताची रोजची बैठक मोडू नका, सहल त्याच्या जागी नाही, हे मी जरा ठासूनच सांगते कारण काही घरांत नुसतं फिरणंच चालू असतं.

पुढच्या वेळी आल्या तेव्हा सांगत होत्या, बाप पोराला मासळी बाजारात घेऊन गेला, पोरगं उजनीच्या चिलापीचं कल्ल्यावरचं झाकण उचलून बघत बसलं, मासेवाल्या मावशी वैतागल्या. आजीलाही घरी येऊन सगळं सांगून झालं. आजी म्हणाल्या, बरं, पाढे म्हण आता.